चहा घेता का, आप्पा

ऊस रस्त्यावर आला की हल्ली माझं डोकं फिरतं. पूर्वी असं नव्हतं. पूर्वी कोल्हापुरात आमच्या घरापुढच्या रस्त्याला दोन ट्रॉल्या जोडलेला पहिला ट्रॅक्टर दिसला, त्याच्यावर ठणाणा लावलेली गाणी ऐकू आली, की मागं अडकलेल्या दुचाक्यांच्या रांगेत मीही सगळ्यांसारखी चरफडायचे, पण मनातून खूश असायचे. हंगाम लागला. आता गावाकडून काकवीची बाटली येणार, आणि सकाळी दार उघडल्यावर वारा इकडचा असला तर रस उकळल्याचा वास येणार. तो वास गोड असतो असं बाहेरचे लोक म्हणतात. नुसता गोड नसतो तो. त्यात धूर असतो, जळक्या चिपाडाची राख असते, आणि जरासा घामही असतो.

यंदाही सगळं वेळेवर आलं. वासही आला. आणि त्याच्या जोडीनं ती जाहिरातही पुन्हा सुरू झाली.

तुम्ही ती पाहिली असेल. गुळाची आहे. पहाटेचं धुकं, मोठी काहील, तिच्यात उकळणारा उसाचा रस, शेजारी फेटा बांधलेले एक आजोबा. त्यांची नात त्यांच्या कोपराला हात लावून म्हणते, "आजोबा, चहा घेता का?" आजोबा हसतात आणि काहील उतरवायला सांगतात. आजोबांना दिसत नाही आणि नातच त्यांचे डोळे झालीय, हे आपल्याला शेवटी कळतं. लोक रडतात म्हणे ती बघून. आमच्या भाजीवाल्यानं तर ते वाक्य उचललंच. मी पिशवी पुढं केली की, "काय वैनी, चहा घेता का?" मी त्याच्याकडून भाजी घेणं बंद केलं. त्या बिचाऱ्याला अजून कळलं नसेल आपलं काय चुकलं ते.

ते वाक्य माझं आहे. ते आजोबा म्हणजे माझे वडील, आप्पा.

आप्पा गुळव्या होते. गुऱ्हाळावर रस काहिलीतून कधी उतरवायचा हे जो ठरवतो, तो गुळव्या. जरा आधी उतरवला तर गूळ बसत नाही, जरा उशीर झाला तर काळा पडतो, आणि दुसऱ्याचा वर्षभर वाढवलेला ऊस त्या तेवढ्या वेळेवर अवलंबून असतो. गगनबावड्याच्या रस्त्याला आमचं गाव. आजूबाजूच्या गावांतूनही आप्पांना बोलावणं यायचं. ते येऊन उभे राहिल्याशिवाय चुलवाणात जाळ घालायचे नाहीत लोक. तोंडावर स्तुती करायची आमच्याकडं पद्धत नाही, पण "गुळव्या आला न्हवं, मग झालं" एवढं एखादा म्हणायचा, आणि आप्पा ते ऐकून न ऐकल्यासारखं करायचे.

मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते त्या हंगामात त्यांचे डोळे गेले. एकदम नाही. सगळा जन्म चुलवाणाच्या धगीत गेलेला, त्यात डोळ्यांवर पडदा आला. माणसं दिसायची, वाट दिसायची, पण रंग कळेना. पिवळा आणि तांबूस यांतला जो बारीक फरक कळावा लागतो, नेमका तोच कळेना. ऑपरेशन उन्हाळ्यात बघू म्हणाले. गुळव्याला दिसत नाही ही बातमी एकदा फुटली असती तर डोळे परत आल्यावरही त्यांना कुणी बोलावलं नसतं. मला म्हणाले, "सुट्टी हाय न्हवं तुला? मग चल की माझ्यासंगट, डबा घिऊन." मी गेले. पहिल्याच दिवशी काहिलीजवळ उभं असताना त्यांनी मान न वळवता विचारलं, "कुठवर आलं गं?" तेवढ्यावरून मला कळलं. त्यांनी काही सांगितलं नाही आणि मी काही विचारलं नाही.

त्यांनी मला रंग घरातल्या वस्तूंवरून सांगितले. आधी हळद येते. मग हळद जरा करपते. आणि मग आईच्या जुन्या लुगड्याचा काठ येतो. काठ आला की उतरवायचं. आता चार माणसांत "आप्पा, काठ आला" असं काय ओरडून सांगता येईना. म्हणून मी त्यांच्या कोपराला हात लावून म्हणायचे, "आप्पा, चहा घेता का?" की लगेच आप्पा "उतरा रं" म्हणायचे. सगळे मला हसायचे. पोरगी येडी हाय, ऐन उकळीत हिला चहा सुचतो म्हणायचे. आप्पाही त्यांच्यात मिसळून हसायचे. सुट्टी संपली तरी मी कॉलेज बुडवलं, आणि तो हंगाम आम्ही दोघांनी असा काढला. त्या धुरात, त्या हसण्यात आपण कुणीतरी महत्त्वाचे आहोत असं मला जेवढं वाटलं तेवढं त्याआधी कधी वाटलं नव्हतं, आणि नंतर बराच काळ वाटलं नाही.

नंतर वाटलं ते शाल्मलीताईंकडं काम करताना.

मी त्यांची व्हर्च्युअल असिस्टंट होते, अर्धवेळ. मुलीला शाळेत सोडून आल्यापासून तिला आणायला जाईपर्यंत. हे काम काय असतं ते आईला समजावताना माझी दमछाक झाली. शेवटी म्हटलं, "पुण्याच्या एका बाईंचा दिवस लावून देते मी, हिथं बसून." आई म्हणाली, "म्हंजे शेताला पाण्याची पाळी लावत्यात तसं?" म्हटलं, व्हय, अगदी तसंच. कुणाला किती सोडायचं आणि कुठला पाट बंद ठेवायचा.

शाल्मलीताईंचा पुण्यात जाहिरातींचा स्टुडिओ. हुशार बाई, त्यात वाद नाही. डोक्यात एका वेळी दहा गोष्टी, आणि हाताखालच्या प्रत्येकाला त्यातली एक आत्ताच्या आत्ता हवी असायची. मी आले तेव्हा त्यांचा दिवस नुसता इतरांनी ओरबाडून नेलेला असायचा. मी मेल निवडायला लागले. ज्याला नाही म्हणायचं त्याला त्यांच्या वतीनं, त्यांच्याच गोड भाषेत नाही म्हणायला लागले. त्यांच्या आईच्या गुडघ्याच्या डॉक्टरांची वेळ, बैठकीत कोण कुणावर खार खाऊन आहे, कुणाशी बोलण्याआधी त्यांनी खाल्लेलं असायला हवं, हे सगळं मी बघायचे. माणसाला मदत करायची म्हणजे त्याची कामं उरकून द्यायची असं मला आधी वाटायचं. तसं नसतं ते. त्याला जे फक्त त्यालाच जमतं त्यासाठी जागा मोकळी करून द्यायची, आणि आपण त्या जागेच्या दारात बसायचं.

मी त्यांना सकाळ मोकळी करून दिली. रोज सकाळचे काही तास लिहायला. त्या तासांत मी कुणाला येऊ दिलं नाही. मोठमोठ्या साहेबांना गोड बोलून दुपारवर ढकललं. शाल्मलीताई म्हणायच्या, "तू आलीस आणि मला पुन्हा सुचायला लागलं गं." मी ते वाक्य घरी सगळ्यांना दोन दोनदा सांगितलं होतं. मी राखून दिलेल्या त्याच तासांत बसून त्यांनी माझे आप्पा लिहिले.

बैठकीत बोलायला लागल्या की त्यांना वेळेचं भान राहायचं नाही. एकदा म्हणाल्या, "कुणाला कळू न देता मला सांगत जा ना, की आता उठायला हवं." दुसऱ्या दिवशी त्यांची बैठक लांबत चालली, तेव्हा मी त्यांच्या फोनवर लिहिलं, चहा घेता का? विचार करून नव्हतं लिहिलं. बोटांनीच लिहिलं. त्यांनी ते वाचलं, हसल्या आणि बैठक आवरली. मग तो आमचा रिवाजच झाला. कोल्हापुरात माझ्या स्वयंपाकघराच्या टेबलावर बसून मी लिहायचे आणि पुण्यात खुर्च्या सरकायच्या.

"पण चहाच का?" त्यांनी एकदा विचारलं. थंडीचे दिवस होते. त्यांची एक बैठक रद्द झाली होती, त्यामुळं कधी नव्हे ते आम्हाला दोघींना वेळ होता. कॅमेरा सुरू होता. माझ्या खिडकीतून गुऱ्हाळाचा वास येत होता, आणि मी सांगत गेले. काहील, धूर, कोपराला लावलेला हात, हसणारी माणसं, सगळं. लुगड्याच्या काठाचं तेवढं सांगितलं नाही. का कोण जाणे, ते तोंडातून आलंच नाही. शाल्मलीताईंच्या डोळ्यांत पाणी आलं. "हे तू कुणाला सांगितलंयस?" म्हटलं, कुणालाच नाही. "आईलाही नाही?" म्हटलं, नाही. त्या म्हणाल्या, "मला सांगितलंस, केवढा विश्वास टाकलास माझ्यावर." मला त्या दिवशी फार हलकं वाटलं. आप्पा गेल्यावर पहिल्यांदाच त्यांच्याबद्दल कुणाशी तरी बोलले होते मी.

हंगाम सरत आला तेव्हा त्यांच्या कॅलेंडरमध्ये ओळीनं काही दिवसांवर 'खासगी' असं लिहिलेलं दिसलं. त्यांच्या आयुष्यात मला माहीत नसलेलं काही नव्हतं, त्यामुळं मला आधी काळजी वाटली. विचारणं बरं दिसलं नसतं. मी मुकाट्यानं त्या दिवसांतली सगळी कामं पुढंमागं केली. मग त्यांचा मेसेज आला, "कोल्हापुरात अजून पहाटे थंडी असते का गं?" माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. ताई येतायत. मला न सांगता येतायत. मी लिहिलं, "असते. शाल घेऊन या. आणि हॉटेलात बिटेलात उतरायचं नाही, सरळ घरी यायचं." त्यांनी त्यावर नुसता एक बदाम पाठवला.

मी पडदे धुतले. गावाकडून काकवी मागवली. तांबडा रस्सा त्यांना झेपेल का, म्हणून पांढरा जास्त करायचा असं ठरवून मसाल्याची तयारी करून ठेवली. मुलीला सांगितलं, पुण्याच्या मावशी येणार आहेत. ते दिवस आले आणि गेले. रोज संध्याकाळी रिक्षा थांबल्याचा आवाज आला की मी गॅलरीत जायचे. कामावर परत आल्या तेव्हा त्यांचा घसा बसलेला होता. मी त्यांना काकवी गरम करून प्यायला सांगितली. धुरानं बसलेला घसा कसा वाजतो, हे गुळव्याच्या लेकीला कळायला हवं होतं.

त्या आल्या होत्या. आमच्या गावापासून हाकेच्या अंतरावर, आप्पा जिथं उभे राहायचे त्याच भागातल्या एका गुऱ्हाळावर, सगळा लवाजमा घेऊन. माझ्या घरावरूनच गेल्या असतील, कारण तिकडं जायला दुसरा सोयीचा रस्ता नाही. कोल्हापूरचं माणूस एक वेळ शिवी विसरतं, पण गावात येऊन घरी न आलेलं माणूस विसरत नाही. हे कळलं ते पुढच्या हंगामात, जाहिरात लागली तेव्हा. त्यांची मुलाखतही आली. हात जोडून, गहिवरून सांगत होत्या, "ही माझ्या आजोबांची खरी गोष्ट आहे."

मी फोन केला. "ताई, ही आप्पांची गोष्ट आहे."

"हो गं. बघितलीस? किती सुंदर झालंय ना सगळं?"

"तुम्ही म्हणालात, तुमचे आजोबा."

"अगं, मी मुद्दामच वडिलांचे आजोबा केले. तुमचं खासगीपण जपायला नको का? आणि क्लायंटला असं घरातलं काहीतरी लागतं, तुला माहितीये." मग मुलाला समजवावं तशा म्हणाल्या, "तू एवढी समजूतदार आहेस. गोष्ट एकदा सांगितली की ती आपली राहत नाही. ती सगळ्यांची होते. तुला उलट बरं वाटायला हवं." आणि मग, "बरं ऐक, उद्या अकराला कोण आहे?"

आणि मी सांगितलं. कोण आहे, काय बोलायचंय, आधी खाऊन घ्या म्हणूनही सांगितलं. आमच्याकडं आदळआपट करणाऱ्याला धाडशी म्हणतात. मला ती वेळेवर जमली नाही याची चीड मला अजून येते. त्याच आठवड्यात काम सोडलं, पण तेही नीटनेटकं, सगळं समजावून, पुढच्या माणसाला अडचण येऊ नये असं. त्यांनी मला फुलं पाठवली. ती मी गच्चीवर नेऊन ठेवली आणि वाळेपर्यंत तिकडं फिरकले नाही.

एखाद्याचा दिवस आपण रोज हातानं लावून देतो, त्याच्या वतीनं बोलतो, त्याचा आवाज आपल्या बोटांत उतरतो, तेव्हा आपल्याला वाटतं हे माणूस आपलं झालं. त्याला तसं वाटायचं काही कारण नसतं. त्याला वाटतं, ही आपलीच आहे. माझे तास त्यांचे होते, माझं लक्ष त्यांचं होतं, मग माझे आप्पा तरी वेगळे कसे राहणार? लोक म्हणतील, एवढं काय झालं, जाहिरात तर आहे. माझा नवरा म्हणाला तसं. पण मागच्या वर्षी गावात एका लग्नाला गेले होते. तिथं जेवणाच्या पंगतीत, ज्यांच्या गुऱ्हाळावर आम्ही तो हंगाम काढला ते काका शेजारी येऊन बसले. म्हणाले, "ती टीव्हीवरची पोर बघितलीस? तू बी असंच चहा चहा करत हुतीस की. म्हंजे तवा आप्पाला दिसत न्हवतं काय गं?" बाजूचे दोघं तिघं जेवायचे थांबले. मी म्हटलं, "न्हाय हो काका. जाहिरात हाय ती." काका "आसंल, आसंल" म्हणाले आणि भात कालवायला लागले. आप्पांनी सगळं आयुष्य कमावलेलं नाव त्या पंगतीत कुणाच्या तरी तोंडून पुसलं जात होतं, आणि मी तिथं बसून जिलबी खात होते.

आईला ती जाहिरात मी दिसू दिली नव्हती. गावाकडचा तिचा टीव्ही बंद पडला तो मी मुद्दामच वर्षभर दुरुस्त केला नाही. यंदा दिवाळीपासून ती माझ्याकडं राहायला आलीय. जाहिरात लागली की मी चॅनल बदलायचे. आई म्हणायची, "एका जागी म्हणून थांबत न्हाईस तू." परवा दुपारी मी आत भाकरी करत होते आणि बाहेर बायकांचा कसलातरी कार्यक्रम चालला होता. आवाज ओळखीचा वाटला. बाहेर आले तर पडद्यावर शाल्मलीताई. जाहिरात दाखवून झाली होती, आणि त्या आजोबांविषयी सांगत होत्या. त्यांचे डोळे, तो हंगाम, ते चहाचं विचारणं. आई पदर तोंडाला लावून ऐकत होती. माझ्या पुण्याच्या बाई त्या ह्याच, हे तिला माहीत असायचं काही कारण नव्हतं. माझे हात पिठाचे होते. मी तशीच दारात उभी राहिले.

कार्यक्रम संपल्यावर आई म्हणाली, "तुझ्या आप्पाला बी दिसत न्हवतं बघ त्या वर्षी."

"तुला ठाऊक होतं?"

"आता गं. ताटात भाजी कंची हाय ते हात लावल्याबिगर कळत न्हवतं त्यास्नी. मला ठावं न्हाई व्हय? तुम्ही दोघं बोलला न्हाईसा, म्हणून मी बी बोलले न्हाई." मग खिडकीकडं बघत म्हणाली, "लई टोचायचं मला. लोकांचा वर्षाचा ऊस, आन आपण त्यास्नी असं अंधारात ठिवलं. मला वाटायचं, असं वागलेलं आमचंच एक घर. तुझं आप्पा गेलं तरी माझ्या मनातनं ते गेलं न्हाई. आन आज ही पोरगी बघ. हिच्या घरात बी ह्येच. म्हंजे चुलवाणापुढं सगळ्यांचं असंच हुतंय की. आपलंच काय वाईट न्हवतं."

इतक्या वर्षांत आईचा चेहरा मी असा मोकळा पाहिला नव्हता.

ती उठली. गावाकडून आणलेल्या डब्यातून नवा गूळ काढला, चांगली ढेप बघून. म्हणाली, "हिला धाडू या. तुला कंप्युटरात पत्ता मिळंल न्हवं? आन वर लिव्ह, तुझ्या आजोबास्नी आमचा नमस्कार. म्हातारा असंल नसंल, कुणास ठाऊक. पर नमस्कार लिव्ह."

मी फोन घेतला आणि शोधल्यासारखं केलं. पत्ता मला पाठ होता, जिना कुठला आणि घंटी कुठली बंद आहे तेही. लिहूनही दिलं असतं मी. आईला बरं वाटतंय तर जाऊ दे, एवढं गेलं त्यात हेही, असं मनाशी म्हणत होते. तेवढ्यात आईनं ढेप बांधायला ट्रंकेतून एक जुनं फडकं काढलं. धुऊन धुऊन विरलेलं, पण कडेला काठ शाबूत होता. तोच काठ.

मी ते तिच्या हातातून ओढून घेतलं. "हे न्हाय."

"का गं? जुनंच हाय की."

"हे न्हाय द्यायचं तिला."

माझा आवाज चढला होता. आई माझ्याकडं बघत राहिली. मग माझ्या हातातल्या फोनकडं, ज्यावर मी काहीच शोधत नव्हते. मग बंद टीव्हीकडं. आमच्या घरात विचारायची पद्धतच नाही. पण तिच्या चेहऱ्यावर जो मोकळेपणा मघाशी उमटला होता तो हळूहळू उतरत गेलेला मला दिसला, आणि तेव्हा मला शाल्मलीताईंचा जेवढा राग आला तेवढा त्या दिवशी फोनवरही आला नव्हता.

आईनं ढेप परत डब्यात ठेवली. झाकण लावलं, नीट बसलं का ते दाबून बघितलं. मग माझ्याकडं पाठ करून म्हणाली, "चहा ठेव. गूळ घालून."